उरलेल्या पानांची जाडी

रहस्यकथा वाचणाऱ्याच्या हातात एक पुरावा असतो, जो कथेतल्या गुप्तहेराला कधीच मिळत नाही: पुस्तकाची उरलेली जाडी. संशयिताला बेड्या पडल्या, त्याने मान खाली घातली, अधिकाऱ्याने खुर्चीत अंग टाकलं; पण आपल्या उजव्या हातात अजून शंभरेक पानं आहेत. म्हणजे हा तो नव्हे. हे आपल्याला अधिकाऱ्याच्या आधी कळतं, आणि कळण्यासाठी डोकंही चालवावं लागत नाही. मालिका असेल तर आणखीच सोपं. नायक विहिरीत पडला तरी घाबरायचं कारण नसतं, पुढचे भाग कपाटात दिसत असतात.

गेले काही महिने मी अशाच एका लांबलचक पोलीस-मालिकेत बुडाले आहे. नाव सांगत नाही, ज्यांनी वाचली नाही त्यांचा रस मला घालवायचा नाही. पहिल्या भागात एक तरुणी संध्याकाळी घरातून बाहेर पडते आणि परत येत नाही. पुढच्या प्रत्येक भागात तपास अधिकाऱ्याकडे नवं प्रकरण येतं, ते सुटतं, आणि ही एक फाइल मात्र त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यात राहून जाते. तिसऱ्या भागापासून लोक दबक्या आवाजात खून म्हणू लागतात. पाचव्यात एकाला पकडतात आणि सोडून देतात. सहावा मी परवा संपवला. मृतदेह नाही, कबुली नाही. माझ्याबरोबर ही मालिका वाचणाऱ्या सगळ्यांची तक्रार एकच आहे की लेखक पाणी घालतोय. एक मित्र तर वैतागून म्हणाला, "कोणी मारलं ते एकदाचं सांगून टाक म्हणावं."

माझं भांडण त्या वाक्याशी आहे. "कोणी मारलं" असं विचारताना मारलं हे आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं. सहा भागांत एकाही पानावर त्याचा पुरावा नाही. तरीही आपण ठरवलं, कारण या प्रकारच्या कथांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. ही सवय पुस्तक मिटलं की मिटत नाही. खरोखरचं कोणी नाहीसं झालं, फोटो फोनाफोनी फिरू लागला, की हीच सवय आपल्याला दोन तासांत संशयित शोधून देते. नवरा फार शांतपणे बोलला. मैत्रीण रडली नाही. शेजाऱ्याची नजर चांगली नाही. शोध सुरू व्हायच्या आत निकाल लागलेला असतो. म्हणून मला वाटतं, उत्तराला उशीर करणारी मालिका आपली फसवणूक करत नाही. बेपत्ता माणसाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर असंच सांगावं लागतं, आणि आपण वाचकांनी तिच्या मागे "लवकर संपव" म्हणून लागू नये.

रहस्यकथेला बेपत्ता माणूस गैरसोयीचा असतो हे खरं आहे. मृतदेह सापडला की त्याच्यापाशी सांगायला पुष्कळ असतं. वेळ, हत्यार, नखांत अडकलेला धागा, बुटाला लागलेली माती. बेपत्ता माणसाच्या बाबतीत गुन्ह्याची जागा नाही, वेळ नाही, कधीकधी गुन्हाच नाही. मग लेखक तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात नदीतून किंवा झाडीतून मृतदेह वर काढतो आणि गाडी रुळावर आणतो. त्या क्षणी एक माणूस कथेतून निघून जातो आणि त्याच्या जागी कोडं येतं. इतकी वर्षं वाचूनही मला हा क्षण खटकायला बराच काळ लागला, हे कबूल करते.

उत्तराच्या घाईने काय होतं, याची एक जुनी इंग्रजी हकीकत आहे. ग्लॉस्टरशायरमधल्या चिपिंग कॅम्डन या गावात विल्यम हॅरिसन नावाचे सत्तरीचे कारभारी होते. १६ ऑगस्ट १६६० रोजी ते जवळच्या गावी मालकिणीचा खंड वसूल करायला पायी निघाले आणि परतले नाहीत. शोधायला पाठवलेला नोकर जॉन पेरी हाही रात्रभर आला नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यालगत हॅरिसन यांची टोपी आणि गळपट्टा सापडला. टोपीवर वार, गळपट्ट्यावर रक्त. एवढं पुरलं. पेरीला धरलं, पुन्हा पुन्हा विचारलं, तो पुन्हा पुन्हा वेगळं सांगत गेला, आणि शेवटी म्हणाला की माझ्या आईने आणि भावाने त्यांना लुटून मारलं. तळं उपसलं, पडक्या भिंती शोधल्या, मृतदेह मिळाला नाही. पहिल्या न्यायाधीशाने याच कारणासाठी खुनाचा खटला चालवायला नकार दिला. पुढच्या वर्षी दुसरा न्यायाधीश आला आणि त्याने चालवला. आई, भाऊ आणि स्वतः जॉन, तिघांना फाशी झाली. आईला आधी दिली, कारण ती चेटकीण आहे आणि तिच्या प्रभावामुळे मुलं खरं बोलत नाहीत असा संशय होता.

१६६२ साली विल्यम हॅरिसन घरी परत आले.

आपल्याला पळवून नेऊन तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकलं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्या सांगण्यावर तेव्हाही फारसा कुणाचा विश्वास बसला नाही आणि आजही बसत नाही. ते कुठे होते, का गेले, पेरीने स्वतःच्या आईचा आणि भावाचा जीव जाईल असा जबाब का दिला, यातलं काहीच कळलेलं नाही. मी ही हकीकत जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्या दुसऱ्या न्यायाधीशापेक्षा गावाचा विचार जास्त येतो. गावाला उत्तर हवं होतं. टोपी आणि गळपट्टा यांच्यामधल्या रिकाम्या जागेत गावाने मृतदेह भरला.

अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये १८१९ साली जवळजवळ हेच घडलं. सात वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या रसेल कोल्विनचा खून त्याच्या दोन मेहुण्यांनी केला असं ठरलं. सुरुवात झाली ती एका नातेवाइकाच्या स्वप्नातून; कोल्विनच्या भुताने स्वप्नात येऊन आपला खून झाल्याचं सांगितलं म्हणे. हाडं सापडली, ती जनावराची निघाली. तरी दोघा भावांनी कबुली दिली. न केलेल्या खुनाची, अगदी तपशीलवार. एकाची फाशी जवळ आली असताना वर्तमानपत्रातल्या मजकुरामुळे कोल्विन न्यू जर्सीत जिवंत सापडला आणि त्याला गावात आणून उभं केलं. रहस्यकथेत कबुलीजबाब हा शेवट असतो. आरोपी खचतो, बोलू लागतो, आपण पुस्तक मिटतो. वरच्या दोन्ही प्रकरणांत कबुली होती. माझ्या मालिकेतल्या अधिकाऱ्याने पाचव्या भागात पकडलेल्या माणसाची अर्धवट कबुली नाकारली, तेव्हा माझे मित्र चिडले. मला मात्र तो आख्ख्या मालिकेतला सगळ्यात धाडसी क्षण वाटला.

कॅम्डनच्या त्या प्रकरणानंतर मृतदेह सापडल्याशिवाय खुनासाठी शिक्षा देऊ नये असा विचार इंग्लंडच्या न्यायालयांत रुजला. मॅथ्यू हेल या न्यायाधीशांनी तर तसं लिहूनच ठेवलं. पण या नियमालाही दुसरी बाजू होती, आणि ती झाकून पुढे जाणं बरोबर होणार नाही. मृतदेह नाहीसा केला की आपण सुटलो, असं समजणारे खुनी तयार झाले. जॉन जॉर्ज हेग त्यांतला. १९४९ च्या फेब्रुवारीत लंडनमधल्या एका हॉटेलात कायम राहणाऱ्या वयस्कर बाई नाहीशा झाल्या. हेगने त्यांचा खून करून मृतदेह ॲसिडमध्ये विरघळवला होता आणि मृतदेह नसताना खून सिद्ध होत नाही अशी त्याची खात्री होती. ॲसिडमध्ये न विरघळलेली दातांची कवळी राहिली, दंतवैद्याने ती ओळखली, आणि त्याच वर्षी हेगला फाशी झाली. पुढे न्यायालयांनी नियम स्पष्ट केला. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये मृतदेह न सापडताही खुनाची शिक्षा कायम झाली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८१ मध्ये हेच सांगितलं: मृतदेह मिळालाच पाहिजे अशी अट नाही, परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा भक्कम हवा.

हेगच्या प्रकरणात सगळे त्या कवळीबद्दल बोलतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आधीची आहे. त्या बाई जेवायला आल्या नाहीत, हे त्याच हॉटेलात राहणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशीही त्या दिसल्या नाहीत. हेग गोड बोलून चौकशी करत होता, पण ती मैत्रीण स्वस्थ बसली नाही. पोलीस ठाण्यात जायचंच असं तिने धरलं. तिथे एका महिला सार्जंटने तिचं ऐकून घेतलं, आणि सोबत आलेल्या त्या सभ्य गृहस्थाबद्दल त्या सार्जंटच्या मनात शंका आली. इथून तपास सुरू झाला. कुणाच्या तरी लक्षात आलं की एक खुर्ची रिकामी आहे, आणि कुणीतरी ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला. प्रयोगशाळा फार नंतर आली.

आपल्या मालिका विश्वासाची ही पायरी सरळ गाळतात. पुस्तकातला अधिकारी तक्रारीवर विश्वास ठेवतोच, कारण ठेवला नाही तर पुस्तकच होणार नाही. प्रत्यक्षात बेपत्ता माणसाच्या घरच्यांची पहिली लढाई तपासाची नसते, ऐकून घेतलं जाण्याची असते. व्हँकुव्हरमध्ये १९९० च्या दशकात शहराच्या एका गरीब भागातून एकामागून एक स्त्रिया नाहीशा होत होत्या. त्यांतल्या बऱ्याच तिथल्या आदिवासी समाजातल्या होत्या, पुष्कळजणी देहविक्रय करून जगत होत्या. घरचे, मैत्रिणी, वस्तीतले कार्यकर्ते सांगत राहिले. त्या भटक्या आहेत, गेल्या असतील कुठेतरी, येतील, असं उत्तर मिळत राहिलं. २००२ साली एका डुक्करपालन केंद्रावर छापा पडला. तिथे तेहतीस स्त्रियांचे अवशेष किंवा डीएनए मिळाला. मालकाला २००७ मध्ये सहा खुनांसाठी दोषी ठरवलं गेलं. नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ च्या अहवालात पोलिसांच्या अपयशाची लांबलचक नोंद केली आणि पूर्वग्रहांकडे स्पष्ट बोट दाखवलं. या प्रकरणात खून झाला हे मानायला उशीर झाला, कॅम्डनमध्ये घाई झाली. वरवर पाहता दोन्ही चुका उलट दिशेच्या आहेत. मला त्या एकाच ठिकाणाहून निघालेल्या दिसतात. दोन्हीकडे नाहीसं झालेलं माणूस कोण होतं, याकडे कुणी पाहिलंच नाही. कॅम्डनने हॅरिसन यांच्या जागी मृतदेह पाहिला, व्हँकुव्हरने त्या स्त्रियांच्या जागी धंदा पाहिला.

पडद्यावरच्या मालिकांनी पसरवलेला एक गैरसमज इथेच सांगून टाकते, कारण त्याने माणसं मरू शकतात: तक्रार नोंदवण्याआधी चोवीस तास थांबावं लागतं. अशी अट सर्रास कुठे नाही. ब्रिटनमधले पोलीस तर लोकांना मुद्दाम सांगतात की थांबू नका. सुरुवातीचे तास सगळ्यात मोलाचे असतात.

गुप्तहेर-मालिका आणि बेपत्ता माणूस यांचं नातं किती जुनं आहे हे पाहिलं की आश्चर्य वाटतं. एडगर ॲलन पोने निर्माण केलेला ड्यूपाँ हा इंग्रजीतल्या कथा-मालिकेचा पहिला गुप्तहेर मानला जातो. त्याच्यावर फक्त तीन कथा आहेत, आणि दुसरी कथा थेट एका खऱ्या प्रकरणावर बेतलेली आहे. जुलै १८४१ मध्ये न्यूयॉर्कमधली मेरी रॉजर्स ही तरुणी नाहीशी झाली आणि तीन दिवसांनी हडसन नदीत तिचा मृतदेह सापडला. पोने घटनास्थळ पॅरिसला नेलं, नावं बदलली, आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून तर्क करत आपण खऱ्या प्रकरणाचाच उलगडा करत आहोत असा दावा केला. कथा मासिकात तीन हप्त्यांत यायची होती. दोन हप्ते छापून झाले आणि खऱ्या तपासात नवीच माहिती पुढे आली: खून झालाच नसेल, गर्भपातात ती दगावली असेल. तिसरा हप्ता लांबला. १८४५ मध्ये कथा पुस्तकात आली तेव्हा पोने मजकुरात छोटे छोटे बदल करून त्या शक्यतेला जागा करून दिली. मेरी रॉजर्सचं काय झालं हे आजही ठामपणे सांगता येत नाही.

या कथेकडे पोची फजिती म्हणून पाहणारे आहेत. मला तसं वाटत नाही. हप्त्यांनी लिहिणाऱ्याला जगाने मध्येच थांबवलं, आणि त्याला आपल्या खात्रीवर माघार घ्यावी लागली, यात मला लांब मालिकेचा खरा गुण दिसतो. एकाच बैठकीत संपणारं पुस्तक बंदिस्त असतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेत लेखकही म्हातारा होतो, त्याचं मत बदलतं, आधीच्या भागात त्याने ज्याला खलनायक ठरवलं त्याच्याकडे तो परत जाऊन वेगळ्या नजरेने पाहू शकतो. स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो या लेखक-जोडीने १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दहा कादंबऱ्यांची एकच मालिका लिहिली. पहिल्या कादंबरीत कालव्यातून एका स्त्रीचा मृतदेह निघतो, आणि ती कोण एवढं कळायलाच कित्येक आठवडे जातात. त्या आठवड्यांत पोलीस थकतात, घरी जातात, सर्दीने बेजार होतात, दुसरी कामं करतात. तिचं नाव कळतं तेव्हा वाचकाला जे वाटतं, ते खुनी सापडल्यावरही वाटत नाही. एका माणसाला नाव परत मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला त्या वाट पाहण्यातून समजलं. लेखकांनी ते नाव दुसऱ्याच पानावर दिलं असतं तर समजलं नसतं.

आणखी एक शक्यता आहे जी आपल्या आवडत्या मालिका क्वचितच गंभीरपणे घेतात: माणूस स्वतःहून गेला असेल. डिसेंबर १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता होत्या. त्यांची मोटार सरेमधल्या एका उतारावर सोडलेली सापडली. शेकडो पोलीस आणि हजारो स्वयंसेवक रानं तुडवत होते, आर्थर कॉनन डॉयल यांनी त्यांचा हातमोजा एका मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माणसाकडे नेला, आणि वर्तमानपत्रांच्या नजरा नवऱ्यावर खिळल्या. त्याचं दुसऱ्या बाईवर प्रेम होतं, त्याला घटस्फोट हवा होता. हेतू तयार होता, मोटार तयार होती, फक्त मृतदेह तेवढा बाकी होता. त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या, वेगळ्या नावाने राहत असलेल्या. त्या अकरा दिवसांबद्दल त्या आत्मचरित्रातही काही बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या एकोणपन्नास वर्षं जगल्या. त्या मौनाचा मला आदर वाटतो. सज्ञान माणसाला निघून जाण्याचा, आणि का गेलो हे न सांगण्याचा हक्क असतो. ब्रिटनमध्ये बेपत्ता सज्ञान व्यक्ती सापडली आणि तिची इच्छा नसेल तर पोलीस घरच्यांना ती सुखरूप आहे एवढंच सांगतात, पत्ता देत नाहीत. घरच्यांना ते किती जड जात असेल याची मला कल्पना आहे. तरी ते बरोबर आहे असं मी मानते. छळणाऱ्या घरातून सुटून गेलेल्या एखाद्या बाईचा फोटो आपण चांगल्या हेतूने पुढे पाठवतो, तेव्हा आपण तिला शोधून कोणाच्या हवाली करतो आहोत याचा विचार आपल्यातले किती जण करतात?

मागे राहिलेल्यांचं काय? त्यांच्या अवस्थेला अमेरिकेतल्या कुटुंबशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात नाव दिलं. मराठीत आपण तिला संदिग्ध दुःख म्हणू. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर त्यांनी काम केलं होतं. माणूस गेला म्हणून रडावं तर त्याला आपणच मारल्यासारखं होतं, नाही रडावं तर दिवस पुढे सरकत नाही. अशा माणसांना "आता स्वीकार करा, विषय संपवा" असं सांगणं क्रूर आहे, कारण संपवायला काही हाती आलेलंच नसतं. बॉस म्हणतात की दोन उलट गोष्टी एकदम मनात धरून जगायला शिकावं लागतं: तो असेलही, नसेलही.

मराठी वाचकाला हे परक्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. १७६१ च्या पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले की निसटले, हा प्रश्न अनेक वर्षं जिवंत राहिला. रणांगणावर सापडलेलं मस्तक नसलेलं प्रेत त्यांचंच, असं ठरवून अंत्यसंस्कारही झाले, पण शंका गेली नाही. त्या शंकेच्या पोटी तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली, बंड झालं, आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड मिळाला. या सगळ्या काळात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या, बावीस वर्षं. इतिहास वाचताना आपण तोतयाच्या बंडापाशी रेंगाळतो, कारण तिथे कारस्थान आहे, चौकशी आहे, उलगडा आहे. पार्वतीबाईंच्या बावीस वर्षांत काही "घडत" नाही. लांब मालिकेने हाती घ्यायला हवीत ती हीच वर्षं, आणि मी वाचते आहे त्या मालिकेने ती घेतली आहेत, म्हणून मी तिच्या बाजूने इतकी तावातावाने बोलते आहे.

उशीर म्हणजे आपोआप चांगलं, असं माझं म्हणणं नाही. खप टिकावा म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटच्या पानावर एक नवी चिठ्ठी सापडवणारे, मृतदेह तिचाच अशी हूल देऊन पुढच्या भागात तो दुसरीचा ठरवणारे लेखक आहेत. ते हरवलेल्या माणसाच्या जिवावर आपला धंदा करतात असं मी म्हणेन. फरक ओळखायला मी एक साधी गोष्ट बघते. भाग संपल्यावर मी स्वतःला विचारते: नाहीशा झालेल्या माणसाबद्दल मला आधीपेक्षा जास्त काय कळलं? तिला काय आवडायचं, ती कुणाशी भांडायची, तिला कशाची भीती वाटायची? की मला फक्त संशयितांबद्दल कळलं? अधिकाऱ्याचा घटस्फोट, त्याचं दारूचं व्यसन, त्याचा कुत्रा यांवर पानंच्या पानं आणि तिच्यावर अर्धं पान, तर तो लेखक ताणतो आहे. प्रत्येक भागात ती थोडी थोडी जास्त जिवंत होत असेल, तर तो वाट पाहतो आहे.

यावर माझा तो मित्र म्हणतो की दिवसभर कामाने पिचलेलं माणूस रात्री पुस्तक उघडतं ते कुठेतरी एक तरी गोष्ट पूर्ण झालेली बघायला. जगात न्याय मिळत नाही, निदान पानावर तरी मिळू दे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. मलाही तो दिलासा लागतो, आणि तो देणाऱ्या पुस्तकांनी माझी कितीतरी वाईट वर्षं निभावली आहेत. एका घरात अडकलेले दहा पाहुणे, एक विषाचा पेला, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून केलेला उलगडा. ते जरूर असावं. पण तो खेळ आहे हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. बेपत्ता मुलीचा फोटो मुखपृष्ठावर छापणारं, तिच्या आईचं दुःख पानोपानी वापरणारं पुस्तक जेव्हा तोच खेळ खेळतं, तेव्हा त्याने उधार घेतलेल्या दुःखाची परतफेड केलेली नसते. आणि दिलासा देणारी पुस्तकं भरपूर आहेत. एक मालिका तो देत नाही म्हणून तिच्यावर दबाव आणायचा, तिला कमी गुण द्यायचे, प्रकाशकाला लिहायचं, हे मला पटत नाही.

सहाव्या भागात एक प्रसंग आहे. आई दर महिन्याप्रमाणे पोलीस ठाण्यात येते. अधिकारी तिला नवीन काही नाही असं सांगायची तयारी करून बसलेला असतो. ती ते विचारतच नाही. ती विचारते, त्या दिवशी बाहेर पडताना तिने निळा स्वेटर घातला होता का, कारण कपाटात तो दिसत नाही, आणि तेव्हा थंडी पडायला लागली होती. अधिकारी सहा वर्षं त्या फाइलबरोबर राहतोय, पण हे त्याला माहीत नसतं. तो उठून फाइल काढतो, पहिल्या दिवशीचे जबाब पुन्हा वाचतो. शेजाऱ्याने दिलेल्या वर्णनात निळा रंग असतो. तपास यामुळे एक पाऊलही पुढे जात नाही. आई मान हलवते, जिना उतरून जाते.

सातवा भाग परवापासून माझ्याकडे आला आहे. या वेळी तो मी फोनवर घेतला, आणि वाचायला सुरुवात करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन खालची पट्टी बंद केली, किती टक्के उरलं ते दाखवणारी.